पातेऱ्यातला ताप आणि डॉक्टरांचे शिक्षण : एक खुले पत्र

प्रति,
माननीय अधिष्ठाता, गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बांबोळी
आणि
माननीय संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, पणजी

विषय : सत्तरी तालुक्यातील माकडताप, त्यासंबंधीचे वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण आणि मेलेल्या माकडाची वर्दी घेण्याची व्यवस्था

महोदय,

मी सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. सासरची काजूची बागायत डोंगराच्या उतारावर, जंगलाला लागून आहे, आणि नोकरी संपल्यापासून दर हंगामात बोंडू वेचण्यापासून बिया वाळवण्यापर्यंतची सगळी कामे मी घरच्यांच्या बरोबरीने करते. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाची नातेवाईक एवढाच आहे. तरीही आपणा दोघांना एकत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे ती एका टोकाला आपल्या वर्गखोलीशी आणि दुसऱ्या टोकाला आमच्या बागायतीतल्या पातेऱ्याशी जोडलेली आहे, आणि मधला रस्ता अजून नीट बांधलेला नाही असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. माझ्या जाऊबाई आठवडाभर रोज सकाळी बागायतीत पातेरा गोळा करायला जात होत्या. शहरातल्या वाचकांसाठी सांगायचे तर पातेरा म्हणजे झाडाखाली साचलेला सुका पाला. तो खराट्याने ओढायचा, हातांनी कवळून टोपलीत दाबायचा आणि डोक्यावर घेऊन घरी आणायचा. एका संध्याकाळी त्यांना एकाएकी थंडी वाजून ताप भरला. कपाळात कोणी घण घालते आहे असे त्या म्हणत होत्या, आणि कंबर-पिंढऱ्या इतक्या दुखत होत्या की कूस बदलणे जमेना. दुसऱ्या दिवशी ज्या दवाखान्यात नेले तेथील डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते, त्यांनी वेळही दिला. मलेरिया आणि डेंग्यू तपासले, दोन्ही नाहीत असे निघाले, तेव्हा ‘व्हायरल आहे, विश्रांती घ्या’ असे सांगून तापाच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी चूळ भरताना पाणी लाल आले. हिरड्यांतून रक्त येत होते. मग मोठ्या इस्पितळात नेले, तेथे नोंद होत असताना सलाईन लावायला आलेल्या परिचारिकेने सहज विचारले, ‘काकी, बागायतीत गेला होतात काय? पातेरा ओढायला?’

तिचे माहेर आमच्याच तालुक्यातले होते. तेवढ्या एका प्रश्नावर पुढची सारी दिशा फिरली. रक्ताचा नमुना वेगळ्या तपासणीसाठी गेला आणि माकडताप असल्याचे निष्पन्न झाले. जाऊबाई वाचल्या. पण मला राहून राहून वाटत आले आहे की त्या दिवशी पाळीवर दुसरी कोणी परिचारिका असती तर तो प्रश्न कोणी विचारला असता? तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. जो प्रश्न त्यांना कोणी शिकवलाच नाही तो त्यांना सुचावा कसा? परिचारिकेलाही तो शिक्षणातून आलेला नव्हता, माहेरातून आला होता. हा प्रश्न योगायोगावर राहू नये, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र आहे. पुढचे सर्व त्याचाच विस्तार आहे.

या रोगाचा इतिहास आपणास माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, पण सर्वसामान्य वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाभोवती १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने पडू लागली. माकडे मरताहेत म्हटल्यावर पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना प्रथम भीती वाटली ती पीतज्वराची, कारण दक्षिण अमेरिकेतील जंगलांत तो असाच माकडांच्या मरणातून प्रकट होतो. विषाणू हाती आल्यावर तो गोचिडांतून पसरणारा, रशियाकडील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नसेल अशी शंका निघाली, आणि सालिम अली यांच्या पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेचे पाठबळ मिळण्यामागे ही शंका होती. पक्षी निर्दोष ठरले. त्यानंतर कितीतरी वर्षे हा रोग शिमोगा आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांपुरता मर्यादित आहे असेच मानले जात होते. मग २०१२ मध्ये तो बांदीपूरच्या बाजूला दिसला, २०१३ मध्ये केरळातील वायनाडमध्ये, २०१५ मध्ये आमच्या सत्तरीतील पाली गावात, आणि २०१६ च्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात. म्हणजे पश्चिम घाटाच्या कण्यावरून तो वर-खाली दोन्हीकडे सरकला. तो खरोखर त्या वर्षी आला, की आधीपासून होता आणि आपण त्याला ‘व्हायरल’ म्हणत होतो, हा प्रश्न मला बेचैन करतो.

‘माकडताप’ या नावाने माकडावर मात्र अन्याय झाला आहे. आमच्याकडे नारळ, केळी आणि काजूची बोंडे यांची माकडे जी नासधूस करतात तिने लोक आधीच कावलेले असतात, त्यात हे नाव. त्यामुळे माकडाजवळ गेल्याने किंवा त्याने चाटलेले फळ खाल्ल्याने ताप येतो असा समज पसरतो. वस्तुस्थिती उलटी आहे. माकड या रोगाचा पहिला बळी आहे. लाल तोंडाचे माकड असो की काळ्या तोंडाचे वानर, विषाणू अंगात शिरला की ते झपाट्याने मरते, आणि शरीर थंड होऊ लागले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरून आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीच्या सुमारे ५० मीटरच्या परिसरात मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारण्याचा प्रघात आहे. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. म्हणजे जंगलाने दिलेली धोक्याची पहिली सूचना मेलेल्या वानराच्या रूपाने येते, आणि ती सूचना डॉक्टरच्या आधी दिसते गुराख्याला, पातेरा ओढणाऱ्या बाईला, काजूच्या राखणदाराला.

येथे शब्दाची एक अडचण आहे, ती नोंदवून ठेवते. गोचीड म्हटले की आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो गाईच्या कानामागचा, रक्त पिऊन तट्ट फुगलेला, करड्या रंगाचा, एरंडाच्या बीसारखा दिसणारा गोचीड. ‘गोचीड चावला होता काय?’ असे विचारले की म्हणून बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. हा रोग माणसाला देतो तो बहुधा अर्धवट वाढलेला गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढा. तो अंगावर चढल्याचे कळत नाही, चावल्याचेही कित्येकदा कळत नाही. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्याचा सुळसुळाट असतो, आणि आमचा काजूचा हंगाम नेमका त्यातच येतो. माझी एक भाची परराज्यात एमबीबीएस करते. गेल्या वर्षी सुट्टीत आली असताना तिने मला या गोचिडाचे शास्त्रीय नाव, हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा, घडाघडा म्हणून दाखवले, कारण परीक्षेत चार पर्यायांतून निवडण्यासाठी ते पाठ करावे लागते. दुसऱ्या दिवशी बागायतीतून परतल्यावर माझ्या बाहीवरचा तांबूस ठिपका तिला दाखवला, तेव्हा तिने विचारले, ‘मावशी, ही धूळ आहे का?’ ठिपका चालू लागला, तेव्हा ती दोन पावले मागे सरकली. नाव तोंडपाठ होते. वस्तू प्रथमच पाहत होती. मुलगी हुशार आहे, तिची थट्टा करण्याचा हेतू नाही. शिकवणारी व्यवस्था कुठे थांबते ते त्या बाहीवर मला दिसले.

आपल्या राज्यात या व्यवस्थेचा वारसा फार जुना आहे, म्हणून अपेक्षाही जास्त आहे. पणजीत चर्चसमोरच्या ज्या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे, तो पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि येथेच राहिला. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने पटकीचे जे वर्णन केले ते युरोपीय वैद्यकातील या रोगाच्या पहिल्या स्पष्ट वर्णनांपैकी एक मानले जाते. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की रोगाचे लक्षण लिहिताना येथील लोक त्याला काय म्हणतात हेही त्याने विचारून घेतले आणि लिहून ठेवले. तो शब्द म्हणजे आपली ‘मोडशी’. त्याच्या कानांनी तो जरा वाकडा ऐकला, पोर्तुगिजांनी आणखी वाकडा केला, फ्रेंचांनी तर त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ असा भलताच अर्थ लावला. पण मूळ शब्द आमच्या आज्या वापरत होत्या तोच. १८४२ मध्ये पणजीत जी वैद्यकीय शाळा निघाली, जिचे आजचे रूप आपले महाविद्यालय आहे, तिच्यातून शिकून बाहेर पडलेले गोमंतकीय वैद्य मोझांबिक आणि अंगोलापर्यंत रोगांच्या मागावर गेले. त्या मानाने बांबोळीहून आमच्या सत्तरीतले वाळपई फार लांब नाही. कदंबाची बस मिळाली तर दीड-दोन तासांचे काम.

म्हणून अधिष्ठाता महोदयांना माझी पहिली विनंती. इंटर्नशिपच्या बारा महिन्यांत सामाजिक वैद्यकशास्त्रासाठी बारा आठवडे राखलेले असतात. मांदूर आणि सांताक्रूझ येथील आपल्या केंद्रांत विद्यार्थी जे शिकतात त्याचे मोल कमी नाही. पण मांदूर हे तिसवाडी तालुक्यातले, खाजनांच्या (बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनींच्या) आणि खाडीच्या काठचे गाव आहे, आणि तेथील आजार तेथल्या भूमीचे आहेत. गोव्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग डोंगर आणि जंगल आहे, तेथील आजार वेगळे आहेत. या बारा आठवड्यांतील निदान दोन आठवडे प्रत्येक इंटर्नने जानेवारी ते मे या काळात वाळपईच्या आरोग्य केंद्रात आणि त्याच्या अखत्यारीतील गावांत काढावेत. आज काही जण तेथे येत असतील तर उत्तमच, पण ती नेमणूक पंचांग पाहून व्हावी, कारण पावसाळ्यात सत्तरीत आलेला विद्यार्थी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळी ताप) पाहील, माकडताप पाहणार नाही. आणि केंद्राच्या टेबलामागे बसून तो दोन आठवड्यांत जे शिकेल त्याहून अधिक एका सकाळी शिकेल, जर त्याला आरोग्य सेविकेबरोबर एखाद्या वाड्यावर पाठवले, काजूच्या बागायतीत उतरवले आणि पातेरा कसा ओढतात ते पाहू दिले. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केला आहे. त्या कुटुंबांत जंगलकाठची, हंगामी मजुरांची, वनौषधी आणि सरपण गोळा करणाऱ्यांची कुटुंबे मुद्दाम धरली तर त्या नियमाला येथे वेगळाच अर्थ येईल.

रोग्याची हकिकत कशी घ्यावी हे आपण विद्यार्थ्यांना शिकवताच. त्यात ‘प्रवास केला होता का?’ हा प्रश्न असतो. माझ्या जाऊबाईंनी प्रवास केला नव्हता. त्या घरामागच्या उतारावर गेल्या होत्या. ‘गेल्या पंधरा दिवसांत जंगलात, बागायतीत, पातेऱ्यात गेला होता का? आजूबाजूला माकड मेलेले दिसले किंवा ऐकले का?’ ही दोन वाक्ये डिसेंबर ते मे या काळात सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण येथील प्रत्येक तापाच्या केसपेपरवर छापलेली असावीत, मराठीत आणि कोकणीत, म्हणजे ती विचारायला डॉक्टर विसरले तरी कागद विसरणार नाही. चावा आणि ताप यांत साधारण तीन ते आठ दिवसांचे अंतर असते, तेव्हा पंधरा दिवस मागे गेले की पुरे. तोंड उघडायला लावून टॉर्चच्या उजेडात टाळू पाहिली तर मऊ भागावर बारीक पुटकुळ्या दिसू शकतात. डोळे लाल असतात. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरलेल्या असतात. यांतले काही डेंग्यूतही असते, म्हणून तर घोटाळा होतो. पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात सापडतो, नंतर प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये, शोधावी लागतात, तेव्हा नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर तपासणीचा सारा भरवसा असतो. चौथ्या दिवसापर्यंत ‘बघू’ म्हणत थांबण्याची किंमत अशी मोजावी लागते.

दुसऱ्या फेरीबद्दल तर कोणी बोलतच नाही. ताप उतरतो, रुग्ण घरी येतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात, आणि मग दहा ते वीस टक्के रुग्णांना पुन्हा ताप येतो, या वेळी डोकेदुखी, मान आखडणे, हात थरथरणे, भान हरपणे अशा मेंदूशी निगडित लक्षणांसह. जाऊबाईंना तिसऱ्या आठवड्यात सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांचा दोष असेल म्हणून त्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला; मी पाहिले तर दोरा धरलेली बोटेच हलत होती. इस्पितळातून घरी पाठवताना जो कागद मिळाला त्यावर गोळ्यांची नावे होती, पण तिसऱ्या आठवड्यात काय पाहायचे हे नव्हते. हे चार ओळींचे काम आहे. त्या चार ओळी आणि त्या आठवड्यात घरी येणारी आरोग्य सेविका, एवढे झाले तर पुष्कळ झाले. या रोगावर नेमके औषध नाही, शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात, तेव्हा लवकर ओळखणे आणि नीट लक्ष ठेवणे यापलीकडे तूर्त तरी आपल्या हाती फारसे काही नाही.

आता संचालक महोदयांना. जाऊबाई आजारी पडण्याच्या दहा-एक दिवस आधी माझ्या पुतण्याने ओहोळाच्या काठी एक वानर मेलेले पाहिले होते. त्याने घरी सांगितले, घरच्यांनी शेजाऱ्यांना, आणि शेवटी कोणीतरी कळवावे असे ठरले. कोणाला कळवायचे? जंगलातला प्राणी म्हणून वनखात्याला, जनावर म्हणून पशुवैद्यकाला, की माणसांना धोका म्हणून आरोग्य केंद्राला? ज्या पहिल्या कार्यालयाला फोन केला तेथून ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगून दुसऱ्याचा नंबर मिळाला. दुसऱ्याने नाव-गाव लिहून घेतले. कोणी येईपर्यंत उन्हाने आणि कोल्ह्यांनी आपले काम केले होते, आणि कुजलेल्या देहातून तपासणीलायक काही निघत नाही. गोचीड मात्र केव्हाच खाली उतरून पाल्यात गेले होते.

ही कोणा एका कर्मचाऱ्याची चूक नव्हती. तीन खाती आहेत आणि तिन्हींच्या मधोमध मेलेले वानर पडले आहे. मागणे एवढेच की मेलेल्या माकडाची वर्दी देण्यासाठी संपूर्ण राज्यात एकच क्रमांक असावा, तो प्रत्येक पंचायतीच्या, शाळेच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, आणि फोन उचलणाऱ्याने ‘हे कोणाचे काम’ हा प्रश्न आमच्या कानावर न घालता आपसांत सोडवावा. वर्दी देणाऱ्याला पुढे काय झाले ते कळवावे. एकदा कळवून काहीच उत्तर न आलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही, हे मी चाळीस वर्षांच्या शाळेतील अनुभवावरून सांगते; मुलांचेही तसेच असते.

वर्दीची ही साखळी राज्याच्या सीमेवर तुटू नये. काजूच्या हंगामात आमच्याकडे बेळगाव-खानापूरच्या बाजूने आणि दोडामार्गाकडून मजूर येतात, बागायतीत खोपी करून राहतात आणि पैसे घेऊन परत जातात. गोव्यातील बागायतींत काम करून परत गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांना हा ताप झाल्याचे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. चावा सत्तरीत, ताप खानापुरात. तेथील डॉक्टरला सत्तरीतली माकडे ठाऊक असण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर गोवा या तीन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हंगामात आठवड्याला एकदा एकमेकांशी बोलावे; विषाणू परवाना काढून सीमा ओलांडत नाही.

लशीबद्दल लोकांना खरे सांगावे, ही आणखी एक विनंती. आमच्याकडे दोन टोकांच्या अफवा आहेत : लस आहे पण सरकार देत नाही, आणि लस घेतली की काहीच होत नाही. कर्नाटकात अनेक वर्षे दिली गेलेली लस दोन मात्रांची होती, शिवाय वर पुन्हा पुन्हा टोचून घ्यावी लागे, आणि टोचल्यावर दुखेही फार. २००५ ते २०१० या काळातील तेथील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर एक मात्रा घेतल्यावर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले, पण मात्रा पूर्ण करणारे लोकच थोडे होते. पुढे तिच्या ताकदीविषयीच शंका वाढत गेल्या आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नवी लस तयार करत आहेत. हे असे सोप्या शब्दांत ग्रामसभेत सांगितले तर आमची माणसे समजून घेतील. तोवर गोचीड दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे डेपा तेल, जे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले आणि कर्नाटकात वाटले जाते, ते हंगामाच्या तोंडावर, म्हणजे डिसेंबरात घरोघर पोचावे. ते कसे वापरायचे, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात का टाकायचे, चिकटलेला गोचीड चिमट्याने सरळ कसा ओढायचा आणि त्यावर रॉकेल किंवा विडीचे थोटूक का लावायचे नाही, हे इंटर्ननी दाखवावे. शिकवल्याखेरीज शिकता येत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

शेवटी संशोधनाविषयी, कारण गोव्यातच करण्यासारखे काम येथे आहे. दक्षिण कन्नडमधील बेळतंगडी तालुक्यात १९८२-८३ च्या सुमारास जी मोठी साथ आली तिच्याआधी निडलेच्या जंगलाचा एक पट्टा काजूच्या लागवडीसाठी साफ केला गेला होता. अलीकडे, २०२० मध्ये, भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी शिमोगा भागाचे नकाशे तपासून असे दाखवले की हा रोग घनदाट अरण्याच्या पोटात नव्हे, तर जंगल, बागायत आणि चरणारी गुरे जेथे एकमेकांत मिसळतात अशा सीमेवर अधिक उद्भवतो. हे वाचताना मला आमच्या घराचे वर्णन वाचल्यासारखे वाटले. वर म्हादई अभयारण्य, मध्ये काजू, खाली कुळागर (माड-पोफळीची बाग), आणि तिन्हींतून मोकाट फिरणारी गुरे. आम्ही काजू सोडू शकत नाही. पण उतारावरच्या कोणत्या पट्ट्यात कोणत्या महिन्यात गोचीड किती असतात हे कळले तर पातेरा कधी ओढायचा, राखणीची खोपी कुठे बांधायची, गुरे कुठे सोडायची नाहीत, एवढे बदलू शकतो. ही मोजणी करायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. फ्लॅनेलचे पांढरे कापड पाल्यावरून संथ ओढत न्यायचे आणि ठराविक अंतरावर उलटून त्याला चिकटलेले गोचीड मोजायचे, अशी ती साधी रीत आहे. मोजलेल्या गोचिडांत विषाणू आहे की नाही हे पाहायला मात्र सुरक्षित प्रयोगशाळा हवी, ते काम आमचे नाही. महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सत्तरीतील चार-पाच गावे धरून वर्षभर दर महिन्याला ही मोजणी केली, आणि तिचे आकडे प्रबंधात बांधून कपाटात न ठेवता पंचायतीच्या फळ्यावर लावले, तर तो अभ्यास त्याच हंगामात आमच्या उपयोगी पडेल. पाच गावे कोणती, हे ठरवताना गावकऱ्यांना विचारावे. वानरे कुठे पाण्यावर येतात ते त्यांना ठाऊक आहे.

आमची बागायत या कामासाठी खुली आहे. जाऊबाईंची तयारी आहे. कोणत्या उतारावर त्या तेव्हा पातेरा ओढत होत्या ते त्या स्वतः दाखवतील. काजूला मोहोर येऊन गेला की, म्हणजे जानेवारीच्या शेवटाला, विद्यार्थी पाठवावेत. सकाळी आठच्या आत यावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. जेवणाखाण्याची सोय आम्ही करू. फ्लॅनेलचे पांढरे कापड तेवढे वाळपईच्या बाजारात मिळत नाही, ते सोबत आणावे.

आपली,
सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका व काजू बागायतदार